'कॅच-२२'ला मराठीत काय म्हणायचं? (आड-विहीर सोडून)

गोधडी
पुढच्या महिन्यात आमच्या वाचनगटाचं अभिवाचन आहे, विषय युद्धविरोधी कादंबऱ्या. जोसेफ हेलरच्या 'कॅच-२२'मधला (१९६१) लष्करी डॉक्टर डनीका आणि बाँबर विमानावरचा योसारियन यांचा संवाद मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. प्रसंग बहुतेकांना ठाऊक असेल. दुसरं महायुद्ध, इटलीजवळचं पियानोसा बेट, अमेरिकन बाँबर विमानांचा तळ. वेडा ठरेल त्याला उड्डाणांतून सुटी मिळते, फक्त त्यानं तशी मागणी करायची. पण मागणी केली की सिद्ध होतं, याला जिवाची भीती समजते. म्हणजे हा शहाणा. म्हणजे चढ विमानात. या नियमाचंच नाव 'कॅच-२२'.

पहिल्या खर्ड्यात मी 'इकडे आड तिकडे विहीर' लिहिलं. तालमीत मैत्रिणीनं तिथेच अडवलं. म्हणाली, आड आणि विहीर हे दोन वेगळे खड्डे आहेत, निदान कुठल्यात पडायचं ते माणूस ठरवतो. इथे सुटकेची अट पाळली की त्या पाळण्यानंच सुटका रद्द होते. मला ते पटलं. 'कात्रीत सापडणं', 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं', तर्कशास्त्रातली 'शृंगापत्ती' (दोन्हीकडून पेच) यांचीही तीच अडचण. शब्द चार-पाचदा येतो आणि मोठ्यानं वाचायचा आहे. लोक हसायला हवेत आणि हसताहसता गप्प व्हायला हवेत. सुचवा.

पाटावरवंटा
मेख! 'खरी मेख तर इथेच आहे' असं आपण रोज म्हणतो. ग्यानबाची मेख आहेच. 'मेख क्रमांक बावीस' म्हणा, एका श्वासात बसतं.

नर्मदातीर
मेख फारसी आहे. आणि तो शब्द एवढंच सांगतो की कुठेतरी अडकायला होतंय. कसं अडकतंय ते सांगत नाही. आपल्या न्यायशास्त्रात या दोषाला नेमकं नाव आहे, अन्योन्याश्रय. पहिलं दुसऱ्यावर टेकलेलं, दुसरं पहिल्यावर. साखळी तिघांची झाली की चक्रक. इतकी बारीक विभागणी घरात असताना दुसऱ्याच्या खुंट्या कशाला उपटायच्या?

पाटावरवंटा
नर्मदातीरकाका, अन्योन्याश्रय म्हटल्यावर सभागृहात कोण हसेल? आणि मेख मराठीत इतकी मुरलीय की तिला परकी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तंबूची मेख, घोडा बांधायची मेख. किल्ल्यांच्या लढायांत तोफांच्या कानात मेखा ठोकून त्या निकामी करायचे. म्हणजे शब्द मुळात छावणीतलाच आहे. पियानोसावर सगळे तंबूतच राहतात. योसारियनच्या तंबूत तर मेलेल्या सैनिकाचं सामान तसंच पडून आहे, कारण तो माणूस कागदोपत्री तळावर दाखलच झाला नव्हता. त्यामुळे त्याचं सामान हलवायचा अधिकार कुणालाच नाही. त्या तंबूच्या दोऱ्या मेखांनाच बांधलेल्या असणार ना?

नर्मदातीर
हसण्याबद्दल माझं मत अगदी उलट आहे. हेलरचा विनोद निर्माण होतो तो नियम गंभीर भाषेत येतो म्हणून. नियम खेळकर शब्दांत मांडला की नियम न राहता चुटका होतो. सरकारी परिपत्रक वाचावं तशा सुरात 'अन्योन्याश्रय नियम, कलम २२' वाचा. लोक आधी दचकतील, मग हसतील. भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशातली मराठी नाटकात वापरून बघा, तिच्यात केवढी ताकद आहे ते कळेल.

गोधडी
हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. वाचून बघते.

हळदुलं
एवढे शब्द शोधताय आणि आपली म्हण कुणालाच आठवू नये? 'लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.' हा अख्खा कॅच-२२ आहे, वेडासकट! माझी आजी नळजोडणीपासून कर्जापर्यंत प्रत्येक बाबतीत ही म्हण वापरायची. शेवटी फक्त 'वेड-लग्नाचं झालंय' एवढंच म्हणायची आणि घरात सगळ्यांना कळायचं. 'वेड-लग्न कलम' म्हणून बघा.

शेवगा
सुंदर! पण मग 'वेड पांघरून पेडगावला जाणं' कसं विसरलात? हा नियम नेमका पेडगावचा रस्ता बंद करण्यासाठी आहे. वेड पांघरायचं तर आधी तसा अर्ज हवा, आणि अर्ज करणारा शहाणा. तिथेही सैन्याचीच गोष्ट आहे. श्रीगोंदा तालुक्यातलं पेडगाव, तिथला बहादूरगड. मराठ्यांच्या एका तुकडीनं हुलकावणी देऊन खानाची फौज बाहेर काढली आणि दुसरीनं मागून छावणी लुटली, असं सांगतात. मी पलीकडच्या दौंडचा, आमच्याकडे हे पोरंसोरं सांगतात.

हळदुलं
त्या गोष्टीत वेड कुठे आहे, शेवगादादा? हुलकावणी आहे. 'वेड' आणि 'पेड' हा यमकाचा खेळ आहे, गोष्ट मागाहून चिकटली असं माझं ठाम मत.

शेवगा
गावात येऊन म्हणा एकदा!

ओलीसुकी
म्हणीबद्दल एक. मी मनोरुग्णालयात दहा वर्षं काम केलंय. 'लग्न केलं की सुधारेल' या समजुतीनं किती मुलींची आयुष्यं गेली ते डोळ्यांनी पाहिलंय. ही म्हण मंचावर हशा पिकवायला वापरू नये.

हळदुलं
ताई, म्हण त्या समजुतीची फजितीच दाखवते असं मला वाटत आलंय. पण तुम्ही पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही.

ओलीसुकी
आणि 'वेडा'च्या जागी 'मनोरुग्ण' घाला असंही मी म्हणणार नाही. त्या संवादाचा सगळा भार 'वेडा' आणि 'शहाणा' या जोडीवर आहे. आपला 'शहाणा' इंग्रजीपेक्षा भरलेला शब्द आहे. शुद्धीवर असलेला, समजूतदार, आणि 'फार शहाणा आहेस' मधला. डॉक्टर योसारियनला शहाणा म्हणतो तेव्हा तिन्ही अर्थ एकदम ऐकू येतात.

खडूफळा
मूळ प्रश्नापासून थोडं लांब, पण सांगतो. माझी आई ८४ वर्षांची. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला घेऊन गेलो. यंत्रावर अंगठा उमटेना. जन्मभर भांडी घासून, शेणगोठा करून बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत. चार बोटं झाली, दुसरा हात झाला. डोळ्यांचं यंत्र लावलं तर मोतीबिंदू आडवा आला. खिडकीमागचा मुलगा भला होता, पण म्हणाला, 'आजी, अंगठा जुळल्याशिवाय हयात दाखवता येत नाही हो.' आईनं हात काचेला टेकवला आणि विचारलं, 'मग हा हात कुणाचा?'

मला त्या क्षणी डॉक्टर डनीका आठवला. उड्डाणाचा भत्ता बुडू नये म्हणून त्याचं नाव नुसतं विमानाच्या यादीत घातलेलं असतं. ते विमान डोंगरावर आदळतं आणि हा जमिनीवर उभा असताना मेला असं ठरतं. लोक त्याच्याशी बोलतात, पण त्याला मेलेलाच धरून. 'हयात' हा एकच शब्द त्या प्रकरणाला पुरेल. जिवंत असणं वेगळं, हयात असणं वेगळं.

गोधडी
खडूफळाकाका, आईंचं वाक्य वाचून मी काही वेळ पुढे काही वाचूच शकले नाही. तो भागही घ्यायचा विचार आहे. त्यात डनीकाच्या बायकोला लष्कराचं छापील सांत्वनपत्र येतं. श्रीमती, श्री., कुमारी की श्री. व श्रीमती, सगळे पर्याय तसेच ठेवलेले. पती, पुत्र, पिता की बंधू. ठार, जखमी की बेपत्ता. दुःख मात्र 'वैयक्तिक'. मी असं केलंय:

'आपले/आपला पती/पुत्र/पिता/बंधू युद्धात ठार/जखमी/बेपत्ता झाले/झाला हे कळून मला झालेले वैयक्तिक दुःख शब्दांत मांडता येत नाही.'

इंग्रजीत क्रियापद सगळ्यांना एकच चालतं. मराठीत पती आणि पिता 'झाले', पुत्र आणि बंधू 'झाला'. मेल्यावरही कुणाला किती मान द्यायचा ते आपल्याला तिरक्या रेघेनं दाखवावं लागतं. वाचताना हे ओझं होतंय का?

पाटावरवंटा
ओझं नाही, ते तर मिळालेलं धन आहे. शेवटी कंसात 'लागू नसेल ते खोडावे' घाला. आपल्याकडचा कुठलाही फॉर्म त्याशिवाय पुरा होत नाही.

नर्मदातीर
नको. तशी सूचना मूळ पत्रात नाही, आणि ती घातली की दोष भरणाऱ्या कारकुनावर जातो. पत्रातलं क्रौर्य हेच की खोडण्यासारखं काही आहे असं लष्कराला वाटतच नाही.

पाटावरवंटा
मराठी श्रोत्याला फॉर्म ओळखू येतो तो त्याच चार शब्दांनी. अर्थ पोचवायचा की कंस मोजायचे?

भरतीओहोटी
गोधडी, निमंत्रणात 'काळा विनोद' असं छापू नका ही कळकळीची विनंती. काळा पैसा, काळा बाजार यांच्या पंक्तीत विनोद बसतो, जणू लपवून केलेला. फ्रेंचांनी शब्द रूढ केला तो १९४०च्या आंद्रे ब्रताँच्या संकलनापासून. आपण रंग जसाच्या तसा उचलला. जर्मनांचा शब्द मला जास्त खरा वाटतो, फाशीच्या खांबाखालचा विनोद. सोमवारी फाशीकडे नेताना कैदी म्हणतो, आठवड्याची सुरुवात चांगली झाली. फ्रॉइडनं हेच उदाहरण घेतलंय.

आपल्याकडे हा विनोद दहाव्याला घाटावर ऐकू येतो. माझ्या काकांच्या वेळी दीड तास कावळा शिवेना. दूध झालं, शेव झाली, 'मुलीचं लग्न करू' हे वचन झालं. शेवटी काकू चुलतभावाला म्हणाल्या, 'अरे, पेपर वाचून दाखव त्यांना, त्याशिवाय उठायचे नाहीत.' सगळे हसले, काकूही हसल्या, आणि हसताहसता खाली बसल्या. या हसण्याला काळा शब्द नाही लागत. मला 'मसणातला विनोद' म्हणावंसं वाटतं.

ओलीसुकी
'काळा'त काळ आहे, मृत्यूही आहे. मला तो शब्द खोटा वाटत नाही.

शेवगा
मायलोचा भाग घेताय का? बायकोमुलांना पोसावं इतक्या सहजपणे जर्मनांशी करार करून आपल्याच तळावर बाँब टाकणारा. त्याला 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा' याशिवाय दुसरं काही शोभणार नाही.

नर्मदातीर
इथे मात्र शंभर टक्के सहमत.

कोकमकढी
आकड्याबद्दल कुणीच बोललं नाही. १९५५ मध्ये पहिलं प्रकरण छापलं तेव्हा नाव 'कॅच-१८' होतं. पुढे १९६१ मध्ये लिऑन यूरिसची 'मिला १८' ही कादंबरीही येत होती म्हणून आकडा बदलला. आपल्याकडे छत्तीसचा आकडा आहे, तोही लिपीमुळे, एकमेकांकडे पाठ केलेले ३ आणि ६. आता २२ लिहून बघा. दोन्ही २ एकाच दिशेला तोंड करून, एकामागे एक. रांगेत उभे. म्हणून शब्द कुठलाही घ्या, पण आकडा देवनागरीत आणि पडद्यावर मोठा दाखवा.

गोधडी
हे करणार! आणि एक छोटा प्रश्न राहिला. कर्नल कॅथकार्ट उड्डाणांची संख्या वाढवत नेतो, पन्नास, पंचावन्न, साठ, करत करत ऐंशी. त्याला 'मोहीम' म्हणू की 'फेरी'? मोहीम फार ऐटबाज वाटते, फेरी प्रभातफेरीसारखी.

खडूफळा
खेप. माझे आजोबा १९४४ मध्ये इटलीत होते, खच्चरांच्या पलटणीत. ट्रक चढत नाहीत अशा डोंगरांवर दारूगोळा आणि पाणी खच्चरांवरून पोचवायचं. आमच्याकडचे पुष्कळ लोक तेव्हा तिकडे होते. यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच, त्याच वर्षी, मरणोत्तर. आजोबा लढाई हा शब्द कधी वापरत नसत. 'खेप करून आलो', 'त्या खेपेला सदाशिव गेला', असंच बोलायचे. वर जाताना पाणी आणि खाली येताना माणूस, दोन्ही त्याच खोगिरावर.

नर्मदातीर
खेप म्हणजे संस्कृत क्षेप, फेकणं. बाँबला तर अगदी चपखल. घ्या.

हळदुलं
आमच्याकडे बाळंतपणालाही खेप म्हणतात. 'तिची ही दुसरी खेप.' पंचावन्नावी खेप ऐकताना पहिल्या रांगेतल्या बायकांच्या मनात तेच येईल.

पाटावरवंटा
मग तर ठेवाच.

ओलीसुकी
आणि ऐंशी म्हणताना जरा थांबा. मेखेचं काय ठरलं?