आईच्या छातीत गाठ आहे, दुखत नाही म्हणून दाखवायला तयार नाही

लेक_लातूरची:
आई ५४ वर्षांची. दिवाळीपासून गाठ हाताला लागतेय आणि मला काल सांगितलं! दुखत नाही ना मग कशाला, म्हणते. खर्चाचीपण धास्ती आहे. कसं समजावू?

सुमनताई:
अगं दुखत नाही म्हणून थांबायचंच नाही, कॅन्सरची गाठ सुरवातीला बहुतेकदा दुखत नाही. माझ्या जाऊबाईंनी असंच वर्ष काढलं, मग आधी केमो मग ऑपरेशन, फार हाल झाले गं. सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात हे सांग तिला, पण मॅमोग्राफी (छातीचा खास एक्स-रे) आणि बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासतात) केल्याशिवाय कळणार नाही. आणि सुई टोचली की कॅन्सर पसरतो हे खोटंय.

परळकर:
खर्चासाठी सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा, आधार आणि रेशनकार्ड घेऊन जा, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचे मदतनीस बसतात ते सांगतील. अजून एक, टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन दर दोन वर्षांनी छातीची नुसती हाताने तपासणी करवली, मशीन नाही काही नाही, तरी पन्नाशीपुढच्या बायकांचे छातीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, २०२१ ला छापून आलंय. लवकर सापडण्याला एवढी किंमत आहे ताई.

लेक_लातूरची:
मावशीला घेऊन बसले, तिचं ऐकते आई. सोमवारी जातोय. कागद आजच काढून ठेवते.

सुमनताई:
रिपोर्ट आला की इथे टाक. आणि केमो लागलीच तर मधे सोडू देऊ नकोस, बरं वाटलं की बायका जायच्या थांबतात.