मिग-२१ बिसचं रेझिन कॉकपिट (१/४८): टब बसत नाही, आणि काकांना रंग पटत नाही

नौपाडा_चित्रकला

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबेल.

मी कळव्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, राहायला नौपाड्यात. आमच्याकडे माझे काका असतात, वय ७७. एअर फोर्समध्ये इन्स्ट्रुमेंट फिटर होते. आधी टाइप ७७ वर (मिग-२१ चीच आधीची आवृत्ती), मग शेवटची काही वर्षं टाइप ७५ वर, म्हणजे मिग-२१ बिसवर. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीसमोरून न हलता पाहिला. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "बाहेरून सगळ्यांनी बघितलं. आत कुणी नेलं नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. १/४८ चं मॉडेल किट (खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) आणि त्यासाठीचा रेझिनचा कॉकपिट सेट मागवला. प्लास्टिकची पाच-सहा विमानं केली आहेत, रेझिनला हात पहिल्यांदाच लावतोय.

पहिली अडचण बसवण्याची. टबच्या, म्हणजे कॉकपिटचा तळ आणि बाजू असलेल्या रेझिनच्या पेटीच्या, खाली ओतकामाचा जाड ठोकळा होता, तो कापला, घासला. तरी टब आत ठेवून फ्युजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन भाग जुळवले की वरच्या बाजूला दीड मिलिमीटर फट राहते. काकांनी लगेच हिशोब केला, "अठ्ठेचाळीसने गुण. ७२ मिलिमीटर. एवढ्या फटीचं विमान हँगरच्या बाहेर सोडलं असतं का?" अजून किती घासू? रेझिन फुटेल अशी भीती वाटते.

दुसरी अडचण रंगाची, आणि मला खरी तीच छळतेय. कॉकपिटच्या आतला तो रशियन हिरवट निळा मी स्वतः कालवला: थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन, भरपूर पांढरा आणि किंचित यलो ऑकर. रंग कालवणं माझं रोजचं काम आहे. बारा नमुने कार्डावर काढून काकांपुढे ठेवले. त्यांचं वर्णन असं, की आत बसल्यावर दवाखान्याच्या पडद्यांत बसल्यासारखं वाटायचं. त्यांनी चार नंबरचा नमुना निवडला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हा फार हिरवा, नऊ नंबर बरोबर. मग पुन्हा चार. मी त्यांच्याकडे नीट बघत बसलो तेव्हा लक्षात आलं. कार्ड डावीकडून धरलं की चार, उजवीकडून धरलं की नऊ. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं व्हायचंय.

आता कुठल्या डोळ्याचं ऐकू?

दातांची_लॅब_वाशी

दादा, मी डेंटल टेक्निशियन आहे, दिवसभर रेझिन आणि ॲक्रिलिकच घासते. म्हणून आधी धुळीचं सांगते. कोरडं घासू नका. रेझिनची धूळ फार बारीक असते आणि ती फुफ्फुसात जायला नको. ताटलीत पाणी घ्या, वॉटरपेपर ताटलीच्या तळाशी ठेवा आणि टब त्यावर पाण्याखालीच गोल फिरवत घासा. तोंडाला साधं कापड नको, एन-९५ मास्क लावा. काका त्याच खोलीत बसत असतील तर हे काम गॅलरीत करा.

आता फट. मिग-२१ ची हवा नाकातून आत येते आणि कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी मागे जाते, खाली पुढच्या चाकाची खोबण. म्हणजे टबला खाली आणि बाजूला, कुठेच जागा नाही. तुम्ही फक्त टब घासताय, म्हणून भीती वाटतेय. अर्धं टबच्या तळातून काढा, अर्धं चाकाच्या खोबणीच्या छतातून. टबचा तळ अधूनमधून ट्यूबलाइटसमोर धरा. उजेड आरपार दिसायला लागला की थांबायचं, त्यापुढे एकही फेरा नको. मग फ्युजलाजच्या आतली भिंत गोल पात्याने खरवडा, किटमधलं प्लास्टिकचं नक्षीकाम तर पूर्णच काढून टाका. मायक्रोमोटर (हातात धरायचं छोटं ड्रिल) असेल तर वेग कमी ठेवा, गरम झालं की बर, म्हणजे त्याचं फिरणारं टोक, चिकटायला लागतो.

टब थोडा वाकलेला असेल तर गरम पाण्यात मिनिटभर ठेवा, सरळ करून लगेच गार पाण्यात. आणि रंगाआधी भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटायला लावलेलं तेल राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

नेरूळ_सेक्टर_सहा

धुतलंत, घासलंत, आता चिकटवायचं. प्लास्टिकचा सिमेंट रेझिनला धरत नाही, कारण तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि रेझिन त्यात विरघळत नाही. सायनो (फेविक्विकसारखा झटपट गोंद) किंवा दोन ट्यूबवाला इपॉक्सी लागेल. मी टबसाठी इपॉक्सीच सांगेन, पाच मिनिटं हलवायला मिळतात. सायनोने वाकडा चिकटला तर पुन्हा सुटत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काचेजवळ सायनो आणू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर फारच. माझी पहिली कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, अशीच गेली. तीन महिन्यांचं काम एका रात्रीत धुरकट झालं. काच साध्या पांढऱ्या फेविकॉलने बसवा, सुकल्यावर पारदर्शक होतो.

हेच पायलटसमोरच्या डायलच्या पॅनलला लागू. तुमच्या सेटमध्ये बहुधा पितळी पॅनल आणि मागे डायल छापलेली पारदर्शक फिल्म असेल. फिल्मच्या मागच्या बाजूला पांढरा रंग द्या, नाहीतर आकडे दिसणारच नाहीत. फिल्म पितळेला ग्लॉस वार्निशने चिकटवा. मग सुईच्या टोकाने प्रत्येक डायलवर वार्निशचा एकेक थेंब सोडा. थेंब सुकला की तीच काच. हे काम काकांना बघू द्या, त्यांचा आयुष्यभराचा धंदा तो.

ऐरोली_१_७२

डिकल्स (विमानावर चिकटवायच्या खुणा) बिसच्या घेतल्यात की बायसनच्या, म्हणजे नंतर सुधारलेल्या बिसच्या, ते तपासा. बायसनमध्ये पॅनलवर स्क्रीन आला आणि पुढची काचही बदलली. या टबात ते जमणार नाही.

नौपाडा_चित्रकला

बिसच्याच आहेत. बायसन यायच्या आधीच काका निवृत्त झाले होते.

ताई, तुमचा ट्यूबलाइटचा उपाय सोन्यासारखा. दोन संध्याकाळ गॅलरीत ताटली घेऊन बसलो. आता फट इतकी कमी आहे की थोड्या पुट्टीत जाईल.

पॅनलवर मात्र काका अडले. पितळेवर रंग देऊन त्यांना दाखवलं तर पहिला प्रश्न, "पांढरी पट्टी कुठंय?" मला माहीतच नव्हतं. पॅनलच्या मधोमध वरून खाली एक उभी पांढरी रेघ असायची. विमान स्पिनमध्ये गेलं, गरगर फिरायला लागलं, की स्टिकची (विमान वळवायच्या दांड्याची) मधली जागा पायलटच्या हाताला उमगत नाही. तेव्हा स्टिक सरळ त्या रेघेकडे ढकलायची. काका म्हणाले की प्रत्येक वेळी पॅनल परत बसवलं की ते ती रेघ ओल्या फडक्याने पुसायचे. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं, पण पुसायचे.

दोन बाजूंना मास्किंग टेप लावून ती रेघ रंगवली. डायलवरून जाऊ दिली नाही, मध्ये तोडली.

रंगाचं कुणीच बोललं नाही.

दातांची_लॅब_वाशी

दादा, मुद्दाम थांबले होते, नीट विचार करून लिहायचं होतं. दातांची शेड जुळवताना आम्ही रोज याच प्रश्नाशी झगडतो.

मोतीबिंदू झालेली नैसर्गिक भिंग पिवळट होते आणि निळा अडवते. म्हणून उजव्या डोळ्याला सगळं हिरवट दिसतं, तो कमी पडलेला निळा मागतो आणि जास्त निळा नमुना निवडतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातली भिंग स्वच्छ असते. काकांनी ते कॉकपिट तिशी-पस्तिशीत पाहिलं, तेव्हा त्यांची भिंगं स्वच्छच होती. म्हणजे आठवण डाव्या डोळ्याच्या जवळची. उजवा डोळा झाकायला सांगा आणि मग निवडू द्या.

आणि घरातल्या पिवळ्या एलईडीखाली नको. आम्ही शेड नेहमी सकाळी खिडकीजवळ बघतो, थेट ऊन नसताना. निवडलेला रंग एक पायरी फिका करा. एवढ्या छोट्या वस्तूवर मूळ गडदपणा अंगावर येतो, शिवाय ॲक्रिलिक सुकल्यावर आणखी गडद होतं.

नौपाडा_चित्रकला

आज सकाळी साडेसातला गॅलरीत बसलो. पाऊस थांबला होता, आभाळ भरलेलं, सावली कुठेच नाही. काकांनी तळहाताने उजवा डोळा झाकला. बारा कार्डं एकेक करून दाखवली, मग उलट्या क्रमाने, मग मिसळून. तिन्ही वेळा चार नंबर.

म्हणजे मी नऊ नंबरने रंगवलेली डावी भिंत पुन्हा रंगवायची. काही हरकत नाही, पातळ थर आहे.

झीज दाखवायला कडांवर फिक्या राखाडीचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश) मारणार होतो, त्यांनी थांबवलं. बूट लागून रंग गेलेला असायचा तो पेडलजवळ आणि सीटच्या उजव्या-डाव्या कठड्यावर, बाकी कॉकपिट आम्ही स्वच्छ ठेवायचो, म्हणाले. तेवढ्याच दोन जागी मारतो.

ताई, सीटमागची एक खाच पात्याने नीट येत नाहीये. तुमच्याकडे अर्ध्या मिलिमीटरचा गोल बर असतो का? ठाण्यात कुठे मिळेल?

दातांची_लॅब_वाशी

आहे, तीन जास्तीचे आहेत. शनिवारी ठाण्यात येणार आहे, स्टेशनला देते. काकांना वेळ असेल तर त्यांनाही घेऊन या, मला पॅनल बघायचंय.