‘स्क्लेरायटिस’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘टी साइन’ला?

प्रश्न (कोल्हापूरहून):
डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक लिहितेय. स्क्लेरायटिसला ‘श्वेतपटलदाह’ लिहिलं आणि राजारामपुरीत राहणाऱ्या मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हंजे पडदा सरकलाय आणि डोळ्यात आग हुतीया, असंच न्हवं?” दोन्ही चूक. सोपा शब्द सुचवा. शिवाय डोळ्याच्या सोनोग्राफीतल्या ‘टी साइन’चं काय करू?

उत्तर:
मावशींचं काही चुकलेलं नाही. ‘पटल’ म्हटलं की पडदाच आठवतो, आणि डोळ्याचा पडदा म्हणजे बोलण्यात रेटिना. स्क्लेरा हे बाहेरचं पांढरं, चिवट कवच. ग्रीक ‘स्क्लेरोस’ म्हणजे कठीण, त्यामुळे ‘दृढपटल’ अर्थाला जवळचा. पण ‘पटल’ तिथंही आहेच. मी ‘पांढरं कवच’ लिहीन. ‘दाह’ही नको. दाह म्हणजे जळजळ, आणि या दुखण्यात असतो तो ठणका: खोल, भुवई-जबड्याकडे जाणारा, रात्री झोपेतून उठवणारा. ‘डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला आलेली सूज’ लांबट आहे खरं, पण कळतं.

‘डोळे आले’ तर मुळीच नको. सूज मागच्या बाजूला असेल तर डोळा बाहेरून पांढराशुभ्र दिसू शकतो. म्हणून तर मिटलेल्या पापणीवर जेल लावून बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, करतात. मागचं कवच साधारण १ मिलिमीटर जाडीचं; २ च्या वर गेलं की सुजेचा संशय बळावतो. कवचामागे पाणी साठलं तर त्याची काळी पट्टी दिसते. ती दृष्टीच्या नसेच्या काळ्या सावलीला मिळाली की झाला इंग्रजी टी.

दुसरं उत्तर:
इंग्रजी टी कशाला? शिरोरेषा आणि तिला लटकलेला काना, हीच ती आकृती! पट्टी ही शिरोरेषा, नस हा काना. ‘काना-खूण’ म्हणा. फक्त मशिनवर ती कुशीवर झोपलेली दिसते, तेवढं सांगा. आणि खूण दिसली नाही म्हणजे सूज नाही, असा अर्थ निघू देऊ नका.

प्रश्नकर्ती:
काना फार आवडला, लगेच घेतला. नवा मजकूर मावशीनं ऐकला आणि ‘ठणका’पाशी थांबवलं: “डोळा लाल न्हाई, पर रातभर ठणकतुया, तरी दाखवायचं, व्हय?” होय, तेच तर सांगायचं होतं. रिपोर्टवर ‘टी साइन’ असंच छापून येतं, म्हणून ‘काना-खूण’शेजारी तेही ठेवतेय.