मदत हवी आहे: 'डेथ ऑफ द डॉक्टर' मुलांना दाखवायचाय, आधी किती सांगू?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात वडगावला राहते. शनिवारी संध्याकाळी आमच्या माडीवर गल्लीतली मुलं जमतात, आठ ते चौदा वर्षांची. 'द सारा जेन अ‍ॅडव्हेंचर्स' ही मालिका आम्ही डीव्हीडीवर पहिल्यापासून क्रमानं बघत आलोय. कुणी मराठी शाळेतलं, कुणी कन्नड, कुणी इंग्रजी माध्यमातलं. संवाद भराभर गेले की मी थांबवून मराठीत सांगते, आणि आमच्यातली एक मोठी मुलगी तेच शेजारच्या दोघांना कन्नडमध्ये सांगते. मुलांना मालिका मनापासून आवडते. रानी चंद्रा आल्यापासून तर जास्तच, कारण तिचे आईबाबा आपल्याच घरातल्यासारखे वाटतात त्यांना.

आता मालिकेच्या चौथ्या पर्वातली तिसरी गोष्ट आलीय, 'डेथ ऑफ द डॉक्टर'. दोन भाग आहेत, बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर २५ आणि २६ ऑक्टोबर २०१० ला लागले होते. दसऱ्याच्या सुट्टीत दोन्ही भाग एकाच बैठकीत दाखवायचं मनात आहे. इथेच मला मदत हवीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'डॉक्टर हू' ही मूळ मालिका १९६३ पासूनची. त्यातली पत्रकार सारा जेन हिला घेऊन २००७ मध्ये मुलांसाठी वेगळी मालिका निघाली, तीच आम्ही बघतोय. या गोष्टीत मूळ मालिकेतला डॉक्टर, म्हणजे यानातून काळात फिरणारा परग्रहवासी (नट मॅट स्मिथ), सारा जेनच्या मालिकेत येतो, आणि त्याच्याबरोबर येते जो ग्रँट. जो म्हणजे साराच्या आधीची सहप्रवासी. ती १९७१ ते १९७३ मध्ये होती, ती गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात सारा आली. त्यामुळे पडद्यावर दोघींची भेट कधीच झाली नव्हती. ती ३७ वर्षांनी इथे होते, तीही डॉक्टरच्या अंत्यविधीला.

माझ्या अडचणी दोन आहेत.

पहिली: या गोष्टीचा अर्धा जीव जुन्या आठवणींत आहे. जो कोण, तिचं डॉक्टरशी नातं काय, ती इतकी का रडते, हे मुलांना कुठून कळणार? आधी सगळं सांगत बसले तर मुलं कंटाळतील. न सांगता दाखवलं तर एक अनोळखी बाई खूप बडबडते, एवढंच त्यांच्या पदरी पडेल. त्यात डॉक्टरचा चेहरा बदललाय. आमच्या मुलांनी साराच्या लग्नाच्या गोष्टीत आधीचा नट डेव्हिड टेनंट बघितलाय, तोच डॉक्टर म्हणून त्यांच्या डोक्यात पक्का बसलाय.

दुसरी जास्त नाजूक आहे. आमच्यातल्या एका मुलाचे आजोबा नुकतेच गेले. तो आजोबांबरोबरच झोपायचा. गोष्टीच्या नावातच मृत्यू आहे, सुरुवातीलाच शवपेटी दिसते आणि सारा म्हणत राहते की डॉक्टर गेलेला नाही. आणि तो खरंच गेलेला नसतो. त्या पोराच्या मनात काय येईल, याचा विचार करून माझं मन मागे येतंय.

ज्यांनी ही गोष्ट बघितलीय, किंवा ज्यांना लहान मुलांचा अनुभव आहे, त्यांनी कृपया मोकळेपणानं सांगा.

प्रतिसाद, खानापूरहून

ताई, माझं मत असं की पाया पक्का हवा. निदान 'स्कूल रीयुनियन' तरी आधी दाखवाच. 'डॉक्टर हू'चा २९ एप्रिल २००६ चा भाग आहे. डॉक्टर आपल्याला वाटेत उतरवून गेला आणि परत आलाच नाही, ही साराची सल त्यात पहिल्यांदा बाहेर येते. १९७६ मध्ये त्यानं तिला घरी सोडतो म्हणून क्रॉयडनच्या ऐवजी अ‍ॅबरडीनला उतरवलं होतं, तेही तिथेच कळतं. हे माहीत असेल तरच जोचं दुःख समजतं, कारण तिलाही तो परत भेटायला गेलेला नाही. मी तर म्हणेन तिसऱ्या डॉक्टरच्या, म्हणजे जोच्या काळातल्या, एकदोन गोष्टी पण दाखवा. घाई कशाला?

प्रतिसाद, निपाणीहून

खानापूरच्या दादांचं म्हणणं चुकीचं नाही, पण आठ वर्षांच्या पोरांना एवढं झेपणार नाही ओ. जुन्या गोष्टी सहा-सहा भागांच्या, संथ.

मी काय सुचवतो, 'द ग्रीन डेथ'ची शेवटची चारपाच मिनिटं तेवढी दाखवा. 'डॉक्टर हू'ची १९७३ ची गोष्ट. जोचं लग्न ठरलेलं असतं प्रोफेसर क्लिफर्ड जोन्सशी, ती त्याच्याबरोबर अ‍ॅमेझॉनला निघणार असते. सगळे आनंदात आहेत. डॉक्टर तिला एक निळा स्फटिक भेट देतो, हातातला पेला संपवतो आणि कुणाला न सांगता बाहेर पडून आपल्या जुन्या पिवळ्या गाडीतून एकटाच निघून जातो. भाषण नाही, काही नाही. याला भाषांतराची सुद्धा गरज नाही, मुलं बघूनच ओळखतील. मग पुढच्या मिनिटाला २०१० ची जो दाखवा: हातात हजार वस्तू, सात मुलं, बारा नातवंडं, तेरावं वाटेवर, आणि अजूनही जगभर आंदोलनं करत फिरणारी. सोबत नातू सँटियागो. तीच बाई आहे हे मुलांना आपोआप कळेल.

बाकी सगळं गोष्टच सांगते. रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलंय ते याच विचारानं. २०१० ला ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना तरी कुठे जो ठाऊक होती? सारासोबतची शाळकरी मुलं, क्लाइड आणि रानी, त्यासाठीच तिथे आहेत. ते विचारतात, म्हाताऱ्या सांगतात. तुमच्या माडीवरच्या मुलांना जे विचारायचं असेल ते बहुतेक क्लाइड आधीच विचारेल.

चेहऱ्याचं म्हणाल तर आधी एकच वाक्य सांगा: डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर नवं होतं, चेहरा बदलतो, आठवणी त्याच राहतात. हे शेवटचं मात्र नीट ठसवून सांगा, सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

एक सावधगिरी. किती वेळा बदलू शकतोस असं क्लाइड विचारतो तेव्हा डॉक्टर ५०७ म्हणतो. १९७६ च्या एका गोष्टीत मर्यादा बाराची ठरली होती. तुमच्या मंडळीत आकडे धरून बसणारं कुणी असेल तर भांडण होईल. घाईच्या वेळी क्लाइडच्या प्रश्नाची बोळवण केली, असं सांगून पुढे चला.

मूळ धागाकर्ती

निपाणीच्या दादा, 'ग्रीन डेथ'चा शेवट माझ्या डोक्यातच आला नव्हता. हे नक्की करते. खानापूरच्या दादांचा 'स्कूल रीयुनियन' मी नंतर दाखवेन. उलट्या क्रमानं बघितला तरी त्याची गोडी कमी होणार नाही, आणि साराला भेटायला तेव्हा मुलं आणखी उत्सुक असतील.

दुसऱ्या प्रश्नाचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद, शहापूरहून

अक्का, मी तुमच्या शेजारच्याच भागातली. घरात माग आहेत. मला ही गोष्ट फार जवळची आहे म्हणून लिहिते.

शवपेटी आणणारे गिधाडासारखे परग्रहवासी, शानशीथ, हे विश्वातले अंत्यविधी करणारे म्हणून ओळखले जातात. वेल्समधल्या स्नोडन डोंगराखाली युनिट या परग्रहवासीयांशी लढणाऱ्या लष्करी संघटनेच्या तळावर त्यांनी ही सगळी मांडणी केलेली असते. त्यांना डॉक्टरचं यान हवं असतं, आणि त्याची किल्ली मिळवायला त्यांनी एक यंत्र आणलेलं असतं. सारा आणि जो यांच्या आठवणींतून ते यंत्र किल्ली विणून काढतं. आता यान कशाला हवं? तर विश्वातला मृत्यूच थांबवायला. म्हणजे बघा, मरण नकोच म्हणणारे इथे खलनायक आहेत. इतकी वर्षं प्रेतं उचलून ते थकलेत, त्यांचं दुःख खरं आहे, तरी त्यांना जे करायचंय ते भयंकर आहे. लहान मुलांच्या मालिकेत हे इतक्या सरळपणे मांडलेलं मी दुसरीकडे बघितलं नाही.

आणि सुटका कशी होते? डॉक्टर दाराबाहेर अडकलेला, आत येऊ शकत नाही. तो ओरडून सांगतो, आठवा, सगळं आठवा, एकही दिवस सोडू नका. दोघी आठवायला लागतात आणि यंत्राला ते पेलत नाही. मागावर बेताचाच ताणा लागतो, एकदम सगळं सूत ओढलं की गुंता होऊन माग बंद पडतो, तसंच. स्फोट होतो तेव्हा दोघी त्या शिशाच्या अस्तराच्या पेटीत शिरून वाचतात. ज्या पेटीपासून मुलं पहिल्यापासून घाबरलेली असतात तीच शेवटी आसरा देते.

तुमच्या त्या मुलाला मी तरी ही गोष्ट दाखवेन. माझी आई गेली त्या वर्षी मी ही बघितली. डॉक्टर जिवंत निघाला याचं मला काही वाटलं नाही. दोघी डोळे मिटून आठवत बसल्या तेव्हा मात्र मी खूप रडले, आणि नंतर बरं वाटलं.

प्रतिसाद, चिकोडीहून

मी प्राथमिक शाळेत शिकवलंय, आता निवृत्त आहे. मालिका मी बघितलेली नाही, त्यामुळे मुलाविषयीच बोलतो.

बाळ, त्या मुलाला शेवट आधी सांगून टाक. सगळ्यांसमोर नको, एकट्याला बाजूला घेऊन. 'यातला माणूस मेला असं आधी सांगतात, पण तो मेलेला नसतो, कारण तो माणूसच नाही, दुसऱ्या ग्रहावरचा आहे. आपली माणसं गेली की परत येत नाहीत.' इतकं स्पष्ट. मोठी माणसं 'आजोबा गावाला गेलेत', 'देवाच्या घरी झोपलेत' असं बोलतात आणि मूल वाट बघत बसतं. गोष्टीतलं गुपित फुटेल याची काळजी करू नको, त्या एका मुलासाठी ते फुटू दे.

दारापाशी बसव, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर चारचौघांना ओलांडावं लागणार नाही. आणि त्याच्या आईला आधी विचार. घरात सुतक नुकतंच संपलेलं असेल तर त्यांना आवडेल की नाही, हे तिलाच ठाऊक.

प्रतिसाद, निपाणीहून

गुरुजींचं पटलं. त्यात थोडी भर घालतो. जो डॉक्टरला विचारते की मला भेटायला का आला नाहीस. तो सांगतो की मागच्या वेळी मरताना तो तिला आणि बाकीच्या सगळ्यांना बघून आला होता, तिचं सगळं आयुष्य त्याला ठाऊक आहे. तिथे थांबवू नका, मध्ये बोलू नका. काय बोलले ते नंतर सांगा.

शेवटी सारा इतर जुन्या सोबत्यांची खबर सांगते. इयान आणि बार्बरा केंब्रिजला प्राध्यापक, टीगन ऑस्ट्रेलियात आदिवासींच्या हक्कांसाठी लढतेय, बेन आणि पॉली भारतात अनाथाश्रम चालवतात. भारत ऐकून मुलं ओरडतील, तयारीत राहा!

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुम्ही सांगितलं तसंच बोलेन त्याच्याशी.

आणखी एक विचारते. सारा जेनचं काम करणाऱ्या एलिझाबेथ स्लेडन १९ एप्रिल २०११ ला कर्करोगानं गेल्या, या भागांनंतर सहा महिन्यांत. मुलांना ती खरोखर ओळखीची झालीय. त्याच दिवशी सांगू का?

प्रतिसाद, शहापूरहून

त्या दिवशी नको अक्का. पाचव्या पर्वाच्या तीनच गोष्टी झाल्यात. त्या संपल्या की पुढचं कुठाय म्हणून मुलं स्वतःच विचारतील, तेव्हा सांगा.

मूळ धागाकर्ती

पटलं. मघाशी त्या मुलाच्या आईला भेटून आले. ती म्हणाली, बसू दे त्याला, पण मी पण येते बघायला. तिच्यासाठी दारापाशी खुर्ची ठेवते आणि सुट्टीतला पहिला शनिवार पक्का करते. 'ग्रीन डेथ'चा शेवट आधी, मग दोन्ही भाग, मध्ये चहा-चिवडा. पहिल्या भागाच्या शेवटी क्लाइडच्या जागी डॉक्टर प्रकटतो, तिथेच थांबून मुलांना बोलू देणार आहे.