मंगळावर उतरणाऱ्या हवाईछत्रीच्या कापडात मोकळी पट्टी का ठेवतात?

प्रश्न
सोलापुरात आमच्या घरी यंत्रमागावर चादरी विणल्या जातात, त्यामुळे कापडात कुठे काही सुटले असेल तर नजर आधी तिकडेच जाते. पर्सिव्हिअरन्स यान १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरले, तेव्हाच्या चित्रणात हवाईछत्रीच्या घुमटाखाली कापडच नसलेली एक गोल पट्टी दिसली. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असताना, मिळेल तेवढी हवा अडवायची सोडून ती जाऊ का दिली जाते?

प्रतिसाद १
छत्रीत कोंडलेल्या हवेला ठरावीक वाट ठेवली नाही, तर ती काठाखालून कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने निसटते आणि छत्री यानासह झोके घेऊ लागते. वर चकती, मध्ये मोकळी जागा व खाली पट्टा ही रचना १९७६ मध्ये उतरलेल्या व्हायकिंग यानांपासून चालत आली आहे. मोकळ्या जागेतून हवा चहूबाजूंनी सारखी सुटते. रोध थोडा घटतो, पण यान स्थिर राहते. खालची जमीन रडारने हेरायची असताना ही स्थिरता मला अधिक मोलाची वाटते. रोध हवा असेल तर व्यास वाढवता येतो. पर्सिव्हिअरन्सच्या छत्रीचा व्यास २१.५ मीटर होता.

प्रतिसाद २
व्यास वाढवणे मात्र सोपे नाही. नासाने २०१४ आणि २०१५ मध्ये हवाई बेटांजवळ पृथ्वीच्या वरच्या विरळ वातावरणात सुमारे ३० मीटर व्यासाच्या छत्र्या ध्वनीहून अधिक वेगाने उघडून पाहिल्या आणि दोन्ही वेळा त्या फाटल्या. त्यानंतर पर्सिव्हिअरन्ससाठी अधिक मजबूत केलेली छत्री सप्टेंबर २०१८ मधील चाचणीत ०.४ सेकंदात पूर्ण फुगली आणि तिने सुमारे ३२ टन वजनाइतका ताण सोसला. घुमट नायलॉनचा असला, तरी दोऱ्यांसाठी टेक्नोरासारखे अतिशय मजबूत कृत्रिम धागे वापरले होते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग जिथे हवा दाट आहे, तिथे हे काम सोपे होते का?

प्रतिसाद १
तिथे उलटी अडचण येते. १४ जानेवारी २००५ रोजी शनीच्या टायटन या चंद्रावर ह्युजेन्स यान उतरताना मोठी छत्री सुमारे १५ मिनिटांनी सोडून देऊन लहान छत्री उघडली गेली, कारण मोठ्या छत्रीखाली ते इतके सावकाश उतरले असते की जमिनीवर पोहोचण्याआधीच बॅटरी संपण्याचा धोका होता.