ग्रामपंचायतींना मिळणारा निधी कोकणातल्या गावांना खरोखर पुरतो का?

प्रश्न – देवगड तालुका

आमचे गाव डोंगरउतारावर आणि खाडीकाठी विखुरलेल्या वाड्यांचे आहे. वहाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, मोडकळीस आला असून पावसाळ्यात मुलांना त्यावरूनच शाळेत जावे लागते. ग्रामसभेत हा विषय काढला की ‘निधी नाही’ असे उत्तर मिळते आणि त्याच सभेत वित्त आयोगाची रक्कम खात्यावर शिल्लक असल्याचेही वाचून दाखवले जाते. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवण्यासाठी २९ विषय नेमून दिले, परंतु त्यांच्या जोडीने पुरेसा पैसा आला का? निधीच अपुरा आहे, की असलेला वापरता येत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर – माजी सरपंच, राजापूर तालुका

आपल्या सभेत सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला, म्हणजे तो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावा लागतो. उरलेल्या ४० टक्के अबंधित निधीतून रस्ता, गटार, पाखाडी (दगडी पायवाट), साकव अशी कामे घेता येतात, परंतु कर्मचाऱ्यांचे पगार आणि कार्यालयीन खर्च त्यातूनही भागवता येत नाहीत. त्यामुळे खात्यावर शिल्लक दिसते आणि साकवाला पैसे नसतात.

मला याहून मोठा अन्याय वाटतो तो वाटपाच्या सूत्रात. राज्याराज्यांत ही रक्कम वाटताना ९० टक्के भार २०११ च्या लोकसंख्येला आणि केवळ १० टक्के क्षेत्रफळाला दिला गेला. गावापर्यंतच्या वाटपातही लोकसंख्या हाच मुख्य आधार राहतो. आता आपल्याकडची स्थिती पाहा. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. माणसे मुंबईला गेली म्हणून वाड्यांमधले अंतर कमी झाले नाही. घाटावर एकवट वसलेल्या गावात एका टाकीवर आणि थोड्या जलवाहिनीवर जे काम होते, त्यासाठी आमच्याकडे प्रत्येक वाडीला वेगळी विहीर, वेगळा पंप आणि वेगळे वीजबिल लागते. माणशी खर्च अधिक आणि निधी मात्र डोकी मोजून, हे मुळातच चुकीचे आहे आणि ते ठामपणे मांडले गेले पाहिजे.

उत्तर – निवृत्त ग्रामसेवक, गुहागर तालुका

सरपंचसाहेबांचे सूत्राविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, परंतु स्वउत्पन्नाची बाजूही पाहिली पाहिजे. घरपट्टी आता भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन व इमारतीच्या किमतीवर, आकारली जाते आणि आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी व्हायला हवी. अनेक गावांत निवडणुकीच्या भीतीने ती लांबवली जाते. चाकरमान्यांची घरे वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, त्यामुळे थकबाकी साचत जाते. ती वसूल करण्याची खरी वेळ हे सणच असतात, कारण तेव्हा घरमालक स्वतः गावात असतो. जे उत्पन्न जमा होते त्यातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. हे योग्यच आहे, पण लहान ग्रामपंचायतीत त्यानंतर दिवाबत्ती आणि शिपायाचा पगार भागवताना ओढाताण होते. आता जलजीवन मिशनच्या नळयोजना आल्या आहेत. उभारणीसाठी केंद्र आणि राज्य पैसे देतात, परंतु चालवण्याचा आणि दुरुस्तीचा भार गावावर येतो. पाणीपट्टी वाढवली नाही, तर यातल्या कित्येक योजना बंद पडतील अशी मला गंभीर चिंता वाटते.

उत्तर – मालवण किनारपट्टी

पर्यटनाचा भार या चर्चेत राहून गेला. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग या गावांत डिसेंबरात आणि मे महिन्यात येणारी माणसे जनगणनेत कोठेच नसतात, पण त्यांचा कचरा, सांडपाणी आणि पाण्याची मागणी ग्रामपंचायतीलाच सांभाळावी लागते. देवबाग तर कर्लीचे पात्र आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे. तेथे कचरा टाकायला जागा शोधणेही कठीण. शिवाय २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळासारखे संकट आले, की गावाची गंगाजळी आवरासावरीतच जाते. पर्यटनगावांना हंगामी लोकसंख्येचा विचार करून वेगळा हिस्सा मिळावा, अशी माझी आग्रही मागणी आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या ग्रामसभेत बंधित आणि अबंधित शिल्लक वेगवेगळी वाचून दाखवावी, तसेच थकबाकीची वाडीवार यादी लावावी, असे दोन लेखी अर्ज मी देणार आहे. अबंधित निधीतून साकव होणार नसेल, तर त्यासाठी अन्य मार्ग कोणता?

माजी सरपंच, राजापूर तालुका

ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा डोंगरी विकास कार्यक्रमातून मागणी करावी. ठरावासोबत त्या साकवावरून शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या आणि पावसाळ्यातली छायाचित्रे अवश्य जोडावीत, आणि प्रस्तावाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून परतू नये.