मदत हवी आहे : ओस्मानी काळातल्या कुर्दी अमीरांचे हक्क नेमके कुठवर होते?

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासगटासाठी ओस्मानी अमलाखालच्या कुर्दी मुलखाच्या कारभारावर टिपण लिहितोय. दोन ठिकाणी अडलंय. जाणकारांनी कृपया हात द्यावा.

मला उमगलंय ते असं. १५१४ मध्ये चाल्दिरानला ओस्मानी सुलतान सलीमने इराणच्या शाह इस्माइलला हरवलं. सुलतानाच्या पदरचा कुर्दी विद्वान इद्रीस बिदलीसी याने कुर्दी अमीरांशी बोलणी करून त्यांना सुलतानाकडे वळवलं आणि दियारबकिर प्रांत उभा राहिला. प्रांत एक, पण आत कारभाराच्या तीन तऱ्हा. साध्या संजकाचा (जिल्ह्याचा) बेग इस्तंबूल नेमणार आणि इस्तंबूलच काढणार. ओजाक्लिक संजकात गादी अमीराच्या घराण्यातच, मात्र जमिनीची मोजणी होणार आणि शिपायांना तिमार (लष्करी चाकरीच्या बदल्यात जमिनीच्या वसुलाचा हक्क) मिळणार. तिसरी तऱ्हा हुकूमत : जझीरा, एगिल, पालू वगैरे. तिथे मोजणी नाही, तिमार नाही, वसूल अमीराचा. मोहीम निघाली की फौजेनिशी हजर व्हायचं.

गटात हे सांगताना ओजाक्लिक म्हणजे वतन आणि तिमार म्हणजे सरंजाम, असं म्हटलं तर चालेल का? मला ते बऱ्यापैकी जुळतंय असं वाटतं.

आता पहिली अडचण. बिदलीस ही वान प्रांतातली हुकूमत. तरीही १६५५ मध्ये वानचा वाली (सुभेदार) मलेक अहमद पाशा तिथल्या अब्दाल खानावर चालून गेला. खान पळाला, त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला, त्यात त्याचे ग्रंथसुद्धा गेले. ओस्मानी प्रवासवर्णनकार एवलिया चेलेबी तेव्हा पाशाबरोबर होता, त्यानेच हे तपशिलात लिहून ठेवलंय. पण गादीवर बसवलं ते खानाच्याच मुलाला! म्हणजे हमी माणसाला नव्हे, घराण्याला होती, असं माझं मत झालंय. याला दुजोरा देणारी किंवा खोडून काढणारी आणखी उदाहरणं कुणाला माहीत आहेत का?

दुसरी अडचण जास्त सतावतेय. तंजीमातीच्या सुधारणांमध्ये (एकोणिसाव्या शतकात ओस्मानी सरकारने केलेल्या कारभाराच्या फेररचनेत) ही घराण्याची हमीही गेली. १८४७ मध्ये बोटानचा (जझीरा भागाचा) अमीर बदरखान बेग शरण आला, त्याला क्रीट बेटावर धाडलं, मोहिमेतल्या लोकांसाठी सुलतानाने पदक काढलं. त्याच वर्षी 'कुर्दिस्तान' नावाचा प्रांत केला, तो १८६७ पर्यंत टिकला. पुस्तकं इथे वाली आणि अमीर यांच्यावरच थांबतात. पालूसारख्या ठिकाणी बेगांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, त्यांना पगार बांधून दिले. पण त्या जमिनी कसणाऱ्यांचं काय झालं? त्यात आर्मेनियन शेतकरी मोठ्या संख्येने होते. १८५८ च्या जमीन कायद्यानंतर कागद कुणाच्या नावावर झाले? कुणबिकीचा हा भाग वगळून टिपण पुरं करायला मन तयार नाही.

तुर्की येत नाही. इंग्रजी, हिंदी किंवा फारसीतलं काही सुचवलंत तर चालेल. एखाद्या गावाच्या किंवा खेड्याच्या पातळीवरचा अभ्यास असेल तर फारच उत्तम.